आकृतीतील रिकामी जागा

सॉफ्टवेअर किंवा एखादी मोठी यंत्रणा उभारण्याआधी तिने काय करायचे हे ठरवावे लागते. या कामाला आवश्यकता-अभियांत्रिकी म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘रिक्वायरमेंटचं काम’. बराच काळ ते फक्त वाक्यांनी होत असे: क्रमांक घातलेली शेकडो कलमे आणि प्रत्येक कलमात यंत्रणेने काय करावे याचे एक वाक्य. गेल्या पन्नास वर्षांत या वाक्यांच्या शेजारी, आणि पुष्कळदा त्यांच्या जागी, आकृत्या आल्या. चौकटी, बाण, लंबवर्तुळे, एकात एक बसवलेले कप्पे. तंत्रज्ञ या बदलाकडे सोय म्हणून पाहतात आणि ते चूकही नाही. पण त्यात तत्त्वज्ञानातला एक जुना पेच आहे. चित्र सहसा असलेल्या गोष्टीचे काढतात. आवश्यकता अजून व्हायच्या गोष्टीबद्दल बोलते, आणि तिचा मोठा भाग काय होऊ नये याबद्दल असतो. जे अजून नाही ते, आणि जे कधीच घडू नये ते, चित्रात उतरवायचे कसे?

या आकृत्यांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी माहितीतल्या वस्तू आणि त्यांचे परस्परसंबंध दाखवणारी एंटिटी-रिलेशनशिप आकृती मांडली. १९९७ मध्ये ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन यांच्या पद्धतींतून घडलेली यूएमएल ही चित्रभाषा ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने प्रमाण म्हणून स्वीकारली. विमाने, उपग्रह, मोटारी अशा यंत्रणांसाठी तिच्यातून काढलेली सिसएमएल २००७ मध्ये आली. यांतल्या सर्वांत विचारप्रवर्तक आकृतीचा जन्म मात्र यूएमएलच्या आधीचा आहे, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायल एअरक्राफ्ट इंडस्ट्रीजमध्ये लावी या लढाऊ विमानाच्या एव्हिऑनिक्सवर, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर, काम चालू होते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल तिथे सल्लागार म्हणून जात. रडारचे, शस्त्रांचे, दळणवळणाचे, पडद्यांचे तज्ज्ञ आपापल्या विषयात पारंगत होते. रडारच्या लहरींपासून गणिती सूत्रांपर्यंत सगळे त्यांना तोंडपाठ होते. हॅरेल यांचा प्रश्न साधा असे: विमान अमुक स्थितीत असताना वैमानिकाने हे बटण दाबले तर काय होईल? यावर तज्ज्ञांमध्येच वाद सुरू होई. उत्तर जाडजूड दस्तऐवजात कुठेतरी असे, पण विखुरलेले. आणि दोन ठिकाणी सापडलेच तर दोन्ही उत्तरे जुळतील याची खात्री नसे. हॅरेल यांनी आधी उत्तरे शिस्तबद्ध वाक्यांत लिहून काढायला सुरुवात केली. समजावून सांगताना बाजूला ते काही आकृत्याही गिरवत. हळूहळू सगळ्यांचे लक्ष त्या गिरवण्याकडेच जाऊ लागले आणि वाक्ये मागे पडली. गोलसर कोपऱ्यांच्या चौकटी म्हणजे यंत्रणेच्या अवस्था, चौकटीत चौकट म्हणजे अवस्थेतली उपअवस्था, तुटक रेषेने केलेले दोन भाग म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन गोष्टी. या पद्धतीला स्टेटचार्ट हे नाव मिळाले आणि तिच्यावरचा निबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. हॅरेल यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत एक प्रसंग आहे. हवाई दलाचा एक वैमानिक या तज्ज्ञांकडे आला होता. अशी आकृती त्याने पूर्वी कधी पाहिली नव्हती. फळ्यावरच्या चित्राचा अर्थ त्याला दोन शब्दांत सांगितला, तेव्हा थोडा वेळ पाहून त्याने एका बाणाकडे बोट दाखवले: हा इकडे जायला नको, तिकडे जायला हवा. त्याचे म्हणणे बरोबर होते.

वैमानिकाला झालेले हे ज्ञान कोणत्या जातीचे? प्रमाणशास्त्राच्या भाषेत विचारायचे तर ते प्रत्यक्ष की शब्द? फळ्यावरच्या रेषा डोळ्यांना दिसतात, तेवढे प्रत्यक्ष. पण बाण म्हणजे ‘ही घटना घडली की या अवस्थेतून त्या अवस्थेत जाणे’ हे डोळे सांगत नाहीत. ते संकेताने कळते, आणि संकेत कोणीतरी सांगावा लागतो. त्या वैमानिकालाही तो सांगावा लागला. शब्द आणि अर्थ यांचे नाते संकेतावर उभे आहे हे नैयायिकांचे मत भाषेच्या बाबतीत वादग्रस्त असेल, आकृतीतल्या चिन्हांना ते तंतोतंत लागू पडते. मग आकृतीचा वेगळा गुण कोणता? याचे चांगले उत्तर जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन यांनी १९८७ मध्येच दिले. वाक्यांत आणि आकृतीत माहिती तितकीच असू शकते, पण ती शोधून काढायला लागणारे कष्ट सारखे नसतात. एकत्र लागणाऱ्या गोष्टी आकृतीत एकत्र ठेवलेल्या असतात. एक चौकट दुसऱ्या चौकटीच्या आत आहे हे अनुमान न करता दिसते. म्हणजे अर्थ शब्दासारखा संकेताने येतो आणि शोध प्रत्यक्षासारखा सोपा होतो. आकृतीवरचा बराचसा अवाजवी विश्वास या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्याने निर्माण होतो. जे चटकन दिसले ते समजलेही, असे वाटू लागते.

खरी अडचण इथून सुरू होते. मराठी व्याकरणात क्रियापदाचे अर्थ शिकवतात. ‘विमान थांबते’ हा स्वार्थ, ‘विमान थांबावे’ हा विध्यर्थ. वाक्याच्या शेपटाकडे पाहिले की वस्तुस्थिती सांगितली आहे की अपेक्षा, ते कळते. बाणाला असे शेपूट नसते. लुडविग विट्गेनश्टाइन यांनी आपल्या उत्तरकालीन लेखनात ठोसेबाजाच्या चित्राचे उदाहरण घेतले आहे. ठोसेबाज विशिष्ट पवित्र्यात उभा आहे. हे चित्र ‘असे उभे राहावे’ म्हणून वापरता येते, ‘असे उभे राहू नये’ म्हणूनही येते, आणि ‘अमुक माणूस अमुक ठिकाणी असा उभा होता’ म्हणूनही. रेषा तिन्ही वेळा त्याच. चित्र एक परिस्थिती समोर ठेवते. ती आहे, असावी की नसावी, हे चित्राबाहेरच ठरते.

आवश्यकतेच्या कामात ही उणीव तात्त्विक राहत नाही. पामेला झेव्ह आणि मायकेल जॅक्सन या संगणकशास्त्रज्ञांनी १९९७ च्या एका निबंधात हा भेद कामाच्या केंद्रस्थानी आणला. त्यांच्या मते तीन प्रकारची विधाने वेगवेगळी ठेवली पाहिजेत. जगाबद्दलची अपेक्षा, ही विध्यर्थी. जग मुळात कसे आहे याचे वर्णन, हे स्वार्थी. यंत्र असो वा नसो, ते खरे असले पाहिजे. आणि यंत्राने आपल्या सीमेवर काय करावे याचे विनिर्देश. शेवटची दोन एकत्र घेतली की त्यांतून पहिले निघाले पाहिजे. मधले विधान चुकले तर यंत्र अगदी बरहुकूम वागूनही अपेक्षा पुरी होत नाही.

जॅक्सन यांच्या लेखनात यासाठी विमान उतरण्याचे उदाहरण येते, आणि त्यामागे खरा अपघात आहे. १४ सप्टेंबर १९९३ रोजी लुफ्तहान्साचे एअरबस ए-३२० विमान वॉर्साच्या धावपट्टीवर उतरत होते. पाऊस होता, धावपट्टी ओली होती आणि वारा अपेक्षेपेक्षा वेगळा, पाठीमागून वाहत होता. वेग कमी करणारा इंजिनांचा उलट जोर आणि पंखांवरचे अडथळे हवेत असताना चुकूनही सुरू होऊ नयेत, ही रास्त अपेक्षा. त्यासाठी विमान जमिनीवर आहे हे यंत्राला दोन खुणांवरून कळे: मुख्य चाकांच्या दोन्ही खांबांवर आलेला भार आणि चाकांचे फिरणे. बाजूच्या वाऱ्याच्या अंदाजाने विमान किंचित कलते ठेवून उतरवले होते, त्यामुळे उजवे चाक आधी टेकले आणि डावे सुमारे ९ सेकंदांनी. चाके पाण्याच्या थरावरून घसरत होती, म्हणून पुरेशी फिरतही नव्हती. विमान जमिनीवर होते आणि यंत्राच्या लेखी ते हवेत होते. विमान धावपट्टी ओलांडून बांधावर आदळले. ७० जणांपैकी दोघांचा मृत्यू झाला. वैमानिकांचे निर्णय आणि वाऱ्याची माहिती हीही या अपघाताची कारणे होती. पण यंत्र बिघडलेले नव्हते. ‘चाक फिरते आहे’ आणि ‘विमान जमिनीवर आहे’ यांना जोडणारी रेषा जगाबद्दलचे विधान होती आणि ओल्या धावपट्टीवर ते खोटे ठरले. तशी रेषा आकृतीत काढली, तरी ती ‘असे असते’ म्हणते की ‘असे असावे’, हे रेषा सांगू शकत नाही. जॅक्सन यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात यंत्राच्या चौकटीबरोबर जगाचे भागही चौकटी म्हणून काढण्याची रीत मांडली ती याचसाठी. यंत्रणा कोण कशासाठी वापरतो हे दाखवणाऱ्या यूएमएलच्या युझ केस आकृतीत जग म्हणजे सीमेबाहेर उभी असलेली काडीची माणसे, आणि पावसाला तिथे जागा मिळणे अवघड.

स्वार्थ-विध्यर्थाचा हा प्रश्न एक, नकाराचा दुसरा. आणि दुसरा अधिक खोल आहे. तरुण विट्गेनश्टाइन यांच्या मनात १९१४ मध्ये वाक्य म्हणजे वस्तुस्थितीचे चित्र हा विचार रुजला, त्याला पॅरिसच्या न्यायालयातली एक बातमी निमित्त झाली, असे त्यांच्या टिपणांवरून दिसते. मोटार अपघाताचा खटला चालवताना तिथे छोट्या बाहुल्यांनी प्रसंग मांडून दाखवला होता. बाहुल्यांनी काय घडले ते मांडता येते. काय घडले नाही ते मांडायला बाहुली नाही. त्याआधी अमेरिकेत चार्ल्स सँडर्स पर्स यांनी चित्रांच्या तर्कशास्त्रावर कित्येक वर्षे काम केले होते. त्यांच्या पद्धतीत कागदावर लिहिलेले ते खरे म्हणून मांडलेले, आणि एखाद्या गोष्टीभोवती बंद रेषा ओढली की ती नाकारलेली. नकारासाठी स्वतंत्र चिन्ह लागते, हे त्यांनी स्वच्छ ओळखले होते. चिन्ह नसलेली जागा काहीच नाकारत नाही.

अभियंत्यांच्या आकृत्यांत मात्र रिकाम्या जागेला अर्थ दिला जातो, आणि तो सांगितला जात नाही. एका अवस्थेतून एका घटनेसाठी बाणच काढलेला नाही, असे समजा. याचा अर्थ काय? ती घटना त्या अवस्थेत घडू शकत नाही? घडली तर दुर्लक्ष करावे? घडता कामा नये? की काढणाऱ्याच्या ते लक्षातच आले नाही? यूएमएलमध्येच दोन उत्तरे आहेत. वर्तन दाखवणाऱ्या साध्या स्टेट मशीनमध्ये, म्हणजे यूएमएलने घेतलेल्या स्टेटचार्टमध्ये, बाण नसलेली घटना टाकून दिली जाते. कोणत्या क्रमाने काय घडू द्यायचे ते सांगणाऱ्या प्रोटोकॉल स्टेट मशीनमध्ये अशी अनपेक्षित घटना म्हणजे पूर्वअटीचा भंग, आणि मग काय करायचे ते भाषेने मोकळे सोडले आहे. दोन्ही आकृत्या वरवर पाहणाऱ्याला जवळपास सारख्याच दिसतात.

न दिसण्यावरून नसणे कधी सिद्ध होते, हा भारतीय दर्शनांचा फार जुना वाद आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच धरतात. पण एका अटीवर त्यांच्यात मोठे मतभेद नाहीत, ती योग्यतेची. जमिनीवर घट असता तर तो दिसला असता, अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून ‘घट नाही’ म्हणता येते. अंधारात घट दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. आकृतीला ही अट लावली की गुंता सुटू लागतो. बाण असता तर तो इथेच काढला असता, असे वचन आकृतीने दिले असेल, तरच बाण नसण्याला अर्थ येतो. डेटाबेसच्या क्षेत्रात रेमंड रायटर यांनी १९७८ मध्ये हेच वचन काटेकोर केले: माहितीत जे नाही ते खोटे, असे गृहीत धरायचे असेल तर ते उघडपणे सांगावे. आवश्यकतेच्या आकृत्यांवर असे वचन क्वचितच लिहिलेले असते. एकाच दस्तऐवजातली एक आकृती संपूर्ण असते, दुसरी नमुन्यादाखल असते, आणि वाचणारा दोन्हींतल्या रिकाम्या जागा एकाच नजरेने वाचतो. या साऱ्या क्षेत्रातला हा सर्वांत दुर्लक्षित दोष म्हणावा लागेल.

त्याची किंमत काय असते, ते मार्स पोलर लँडरने दाखवले. ३ डिसेंबर १९९९ रोजी हे यान मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरायला निघाले आणि त्यानंतर त्याच्याशी संपर्क झाला नाही. चौकशी मंडळाच्या मते सर्वांत संभाव्य कारण असे. जमिनीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर यानाचे तीन पाय उघडले, त्या झटक्याने पायांतल्या संवेदकांकडून ‘जमिनीला टेकलो’ असा क्षणिक खोटा संकेत आला आणि सॉफ्टवेअरने तो धरून ठेवला. पुढे सुमारे ४० मीटरवर हे संकेत विचारात घेणे सुरू होताच इंजिन बंद झाले आणि यान खाली कोसळले. पाय उघडताना असा संकेत येऊ शकतो हे यंत्रणेवर काम करणाऱ्यांना माहीत होते. सॉफ्टवेअरच्या आवश्यकतांत तो प्रसंग नोंदलेला नव्हता. तिथे जागा रिकामी होती. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने तिचा अर्थ ‘असे काही होत नाही’ एवढाच होऊ शकत होता.

मग ‘होऊ नये’ कसे लिहावे? मीमांसकांनी या प्रश्नावर जितका बारीक विचार केला तितका फार थोड्यांनी केला असेल. वेदवाक्याचे तात्पर्य सिद्ध वस्तू सांगण्यात नसून साध्य, म्हणजे करायचे कर्म सांगण्यात आहे, ही त्यांची भूमिका; म्हणून विधिवाक्याचे व्याकरण हाच त्यांच्या शास्त्राचा गाभा. नकाराचे त्यांनी प्रकार पाडले. एखादे कर्म सांगितलेलेच नाही, हे वेगळे. निषेध वेगळा: तिथे नकार विधिप्रत्ययाशी जोडला जातो आणि माणसाला कर्मापासून परत फिरवतो. पर्युदास त्याहून वेगळा: तिथे नकार धातूशी जोडला जातो आणि त्यातून एक नवे भावरूप कर्तव्य निघते. उगवत्या सूर्याकडे पाहू नये हे व्रतांच्या प्रकरणात येते, म्हणून त्याचा अर्थ ‘न पाहण्याचा संकल्प करावा’ असा घेतात. सतराव्या शतकातल्या आपदेवांच्या मीमांसान्यायप्रकाशात आणि लौगाक्षी भास्करांच्या अर्थसंग्रहात हा विचार आटोपशीर मांडलेला सापडतो.

हे वर्गीकरण धर्मकर्मासाठी केलेले आहे, पण ते यंत्रणांच्या आवश्यकतांना आश्चर्य वाटावे इतके नेमके बसते. बाण काढलेला नाही, म्हणजे सांगितलेले नाही. ‘इंजिन हवेत बंद होता कामा नये’ हा निषेध. ‘पाय उघडताना आलेला संकेत पुसून टाकावा’ हा पर्युदासाच्या जातीचा: नकारातून जन्मलेले, पण प्रत्यक्ष करायचे काम. यंत्राला निषेध पाळता येत नाही. त्याला काहीतरी करावे किंवा अडवावेच लागते. म्हणून आवश्यकता लिहिणाऱ्याचे निम्मे कष्ट निषेधाचे पर्युदासात रूपांतर करण्यात जातात. आकृती हे रूपांतर झाल्यानंतरचे चित्र दाखवते, आणि मूळ निषेध कोणता होता हे त्यात हरवते. पुढे दुसऱ्या अभियंत्याला तो संकेत पुसणारा बाण निरर्थक वाटला तर तो काढून टाकला जाईल.

चित्रभाषांनी आपल्या परीने उपाय शोधले आहेत. वेर्नर डाम आणि हॅरेल यांच्या लाइव्ह सीक्वेन्स चार्टमध्ये प्रत्येक घटकाला ‘घडू शकते’ किंवा ‘घडलेच पाहिजे’ अशी खूण असते. एखादा घटनाक्रम फक्त शक्य आहे, की अट जुळली की प्रत्येक वेळी पाळायचाच आहे, हे चौकटीच्या तुटक किंवा सलग रेषेवरून कळते, आणि निषिद्ध घटनाक्रमही त्यात काढता येतो. इथे चित्राला खरोखर विध्यर्थ मिळाला. गुट्टॉर्म सिन्ड्रे आणि आंद्रेआस ऑपडाल यांनी मिसयुझ केस सुचवली: यंत्रणेचा गैरवापर करणाऱ्याची कृती काळ्या लंबवर्तुळात, नेहमीच्या पांढऱ्या लंबवर्तुळांच्या शेजारी. सिसएमएलची वाट निराळी, आणि प्रामाणिक आहे. तिच्या आवश्यकता-आकृतीत चौकट असते आणि चौकटीत सरळ वाक्य लिहिलेले असते: यंत्रणेने अमुक करावे, अमुक करू नये. ही आवश्यकता कोणत्या आवश्यकतेतून निघाली, तिची पूर्ती कोणता भाग करतो, तिची पडताळणी कोणत्या चाचणीने होते, हे रेषा दाखवतात. ‘करावे’ हे वाक्याकडे ठेवले आणि नातेसंबंध चित्राकडे दिले. कित्येकांना यात चित्रभाषेची माघार दिसते. विभागणी मात्र शहाणपणाची आहे.

आकृती कमी सांगते तशी कधी जास्तही सांगते. जॉर्ज बर्कली यांनी १७१० मध्ये आक्षेप घेतला होता की ‘सर्वसामान्य त्रिकोण’ मनात आणताच येत नाही; जो येतो तो समभुज, समद्विभुज किंवा विषमभुज असतोच. ग्राहकाला पडद्याचे कच्चे रेखाटन दाखवले की तो बटणाच्या जागेवर चर्चा सुरू करतो, ती याचमुळे: रेखाटनाला बटण कुठेतरी काढावेच लागते. यूक्लिडच्या पहिल्याच सिद्धांतात दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात हे आकृतीत दिसते, पण त्याच्या गृहीतकांतून ते निघत नाही. ही फट भरायला एकोणिसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. १८९९ मध्ये डेव्हिड हिल्बर्ट यांनी भूमितीची नवी गृहीतके मांडली. त्या काळात गणितात आकृतीकडे संशयाने पाहण्याची रीत पडली. ती थोडी टोकाची होती. सन-जू शिन यांनी १९९४ मध्ये दाखवले की व्हेन आकृत्यांचे नियम नीट बांधले तर त्यांतून केलेली सिद्धता वाक्यांतल्या सिद्धतेइतकीच निर्दोष असते. दोष रेषांचा नसतो, न सांगितलेल्या कराराचा असतो.

यंत्राच्या बाजूने हा करार आता बऱ्यापैकी पक्का झाला आहे. १९८० च्या दशकातच हॅरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टेटमेट हे साधन बनवले. त्यात स्टेटचार्ट संगणकावर चालवून पाहता येई आणि त्याची तपासणी करता येई. आज अशी साधने पुष्कळ आहेत. जगाच्या बाजूने मात्र अशी तपासणी करणारे साधन नाही. चाक फिरणे म्हणजे जमिनीवर असणे, ही रेषा कितीही वेळा चालवून पाहिली तरी ती स्वतःशी सुसंगतच दिसेल. ती खोटी ठरू शकते हे ओल्या धावपट्टीवर विमान उतरवणाऱ्याला माहीत असते, आणि त्याला ते विचारायचे तर त्या रेषेचे स्वार्थी वाक्य करून ते त्याच्यासमोर ठेवावे लागते.